पंचावन्न किलोंचा मोसम

त्या मोसमात आमच्या घरी नऊ दांडगे तरुण भुकेले उठत आणि भुकेलेच झोपत. आणि आमचं घर होतं कुठे, तर तुमसरच्या एका तांदळाच्या मिलच्या आवारात. सकाळचा भोंगा झाला की इंजिनाची भकभक सुरू व्हायची, उसन्या, म्हणजे उकडायच्या धानाच्या हौदांतून वाफ उठायची, आणि तो शिजलेल्या धानाचा गोडसर वास खिडक्या बंद केल्या तरी घरात शिरायचा. खळ्यावर धान, गोदामात तांदूळ, मागे कोंड्याचे ढीग. चिमण्या इतक्या माजलेल्या की माणसाला भीत नसत. आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या पडवीत नऊ जण पितळेच्या वाट्या पुढे घेऊन पातळ पेज फुंकत बसलेले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण आमच्याकडे कुत्र्यांनाही त्या पोरांपेक्षा जास्त मिळत होतं. मला तेव्हाही याचा राग यायचा आणि आज लिहिताना पुन्हा येतो आहे.

हे नऊ जण म्हणजे मिलच्या मालकाची, आमच्या सेठची कबड्डीची टीम. नावाला हमाल, कामाला खेळाडू. आठवड्याच्या आठवड्याला मिलमधून मजुरी घ्यायची आणि दिवाळीनंतर धान घरात आलं की शिमग्यापर्यंत गावोगावच्या स्पर्धा खेळायच्या. मोठ्या शहरांत अशा पगारी टीमा असतील, पण आमच्या भागात ही नवलाईच होती. शेजारच्या मिलवाल्याने ट्रक घेतला म्हणून आमच्या सेठने टीम घेतली, असं माझी माय म्हणायची. टीमची राहण्याजेवणाची व्यवस्था आमच्या गळ्यात पडली, कारण माझे बाबा मिलचे मापारी होते, आणि तरुणपणी थोडंफार खेळले होते म्हणून सेठने त्यांनाच टीमचे उस्ताद केलं. मापारी म्हणजे धान तोलणारा. शेतकऱ्यांच्या बैलबंड्या दारात लागल्या की पोतं काट्यावर चढे, बाबा दांडीवरचं वजन बोटाने सरकवत आणि खणखणीत आवाजात आकडा पुकारत. पहिल्या पोत्याला ते कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. बाबांचा तो ‘लाभ’ रस्त्यापर्यंत ऐकू यायचा आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मण-शेर जाऊन नुकतेच किलो आले होते, आणि स्पर्धाही वजनी गटांच्या असत. आमची टीम पंचावन्न किलोंच्या गटातली. म्हणजे खेळणारा कोणीही पंचावन्नच्या वर जाता कामा नये. गंमत अशी की उंचेपुरे, हाडापेराने मजबूत गडी पंचावन्नात बसवले की टीम भारी होते, म्हणून सगळ्यांची धडपड मोठ्या माणसाला लहान गटात कोंबायची. त्यासाठी एकच उपाय होता, उपास. रोज सकाळी बाबा या नऊ जणांना धानाच्या काट्यावर उभं करत. पहिला चढला की सवयीने ‘लाभ’ म्हणत, पोरं हसत, आणि मग आकडे ऐकून त्यांचं हसू जाई. ज्याचा काटा वर गेला त्याची दुपारची भाकर बंद. माय चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि परातीतला उंडा उचलून परत ठेवायची. “धान्याच्या कोठारात बसून माणसं सुकवून राहिले बाप्पा,” ती म्हणायची, “देव पाह्यते म्हणा.”

सगळ्यात जास्त सुकला तो गोमा. एकोडीकडच्या एका तलावावर मासे धरणाऱ्या घरातला हा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा. खांदे रुंद, बोलणं कमी. जाळं तळाशी कुठे अडकलं की बुडी मारून सोडवायचं काम लहानपणापासून केलेलं, त्यामुळे त्याचा दम असा की पाल्यात, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात शिरून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो निवांत फिरायचा, जणू बाजारात भाव विचारतो आहे. मिलच्या मागे मातीत धानाचा भुसा मिसळून मैदान केलं होतं, म्हणजे गुडघे फुटू नयेत. तिथून त्याचा तो एकसुरी आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि माय पोळपाटावरचा हात थांबवून म्हणायची, “अजून सोडला नाई दम पोट्ट्यानं.” तलावातला आपला वाटा त्याने चुलतभावाला देऊन टाकला होता. कारण सेठने सगळ्यांसमोर शब्द दिला होता: या मोसमात एक तरी कप आणा, गोमाला मिलमध्ये कायम करतो. बाकीच्यांची घरची शेती होती, हरले तरी परत जायला जागा होती. गोमाला तो कप हवाच होता, आणि त्याला तो मिळावा असं मला सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होतं. मी चौदा वर्षांची होते. लोक काय समजायचं ते समजोत. मला त्याचा दम आवडत होता.

पण कप कुठचा यायला? एकामागून एक पाच गावं झाली आणि पाचही ठिकाणी आम्ही हरलो. कुठे पहिल्याच फेरीत, कुठे उपांत्य फेरीत. पहिला डाव आमचाच असायचा. दुसऱ्या डावात पोरांचे पाय लटपटायला लागायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि ज्या गोमाला अख्खी टीम मिळून धरता येत नव्हती त्याला एखादा साधा पोऱ्या पायाला मिठी मारून पाडायचा. कप्तान दशरथ बोलायला फटकळ. एकदा हरून आल्यावर तो बाबांना म्हणाला, “उस्ताद, पोटात अन्न टाका, मंग पाहा.” बाबा म्हणाले, “अन्न टाकलं त गटात बसत नाई. तूच सांग काय करू?” दोघांचंही खरं होतं आणि म्हणूनच त्यातून काही निघत नव्हतं. सेठ ओसरीवर बसून पानाला चुना लावत म्हणायचा, “मापारी, मी घोडे पोसले का बकऱ्या?” बाबा मान खाली घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पेज आणखी पातळ व्हायची. आता माझा नातू टीव्हीवर कबड्डी बघतो. खाली गादी, वर झगमगाट, खेळाडूंना म्हणे काय खायचं ते सांगायला वेगळा माणूस. मी म्हणते, बघ बाबा तू, मला चहा दे.

त्याच सुमारास मावशीला आणायला माय आणि मी तुमसर रोड स्टेशनवर गेलो होतो. गाडीला उशीर होता. फलाटावर वजनाचं यंत्र होतं, नाणं टाकलं की आतली रंगीत चक्रं फिरायची आणि जाड कागदाचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मायकडून हट्टाने नाणं घेतलं. तिकिटावर आलं त्रेचाळीस. आदल्याच दिवशी मिलच्या काट्यावर मी खेळता खेळता उभी राहिले होते आणि बेचाळीस भरले होते. एका दिवसात किलोभर वजन वाढायला आमच्या घरी जेवत कोण होतं? मी घरी येऊन तिकीट बाबांपुढे धरलं. “बाबा, आपला काटा कमी दाखवते.” त्यांनी तिकीट उलटं केलं. मागे लिहिलं होतं, परदेशगमनाचा योग आहे. “हे बी खरं धरतं का?” ते म्हणाले आणि हसले. मी नागपूरच्या पुढे आजवर फारशी गेले नाही, म्हणजे त्यांचा टोला तसा बरोबरच होता. पण हसता हसता त्यांनी ते तिकीट चुलीत टाकलं, ते मात्र मला खटकलं. मी पुन्हा काही बोलले नाही. मुलीच्या जातीला काट्यातलं काय कळतं, असं तेव्हा मलाही वाटायचं.

मोसमातली शेवटची स्पर्धा करडीला होती. तीन दिवसांची. जेवणासाठी म्हणून मिलच्या ट्रकमधून माय आणि मीही गेलो, आणि शाळेच्या एका खोलीत आमची चूल मांडली. पहिल्या दिवशी खेळाडूंची वजनं झाली, ती गावातल्या एका धानाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. गोमा चोपन्न आणि वर तीन पाव. बसला गटात. मागच्या पाचही गावांत असंच झालं होतं. जिथे गेलो तिथे वजनाला काटा कुणा ना कुणा व्यापाऱ्याचाच, आणि तो आमच्या काट्याशी भावासारखा जुळायचा. हे मला आज लिहिताना दिसतं. तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं, किंवा ज्यांना दिसत होतं त्यांना बोलायचं नव्हतं.

आणि करडीला काय झालं कोण जाणे, आमची टीम खेळायला लागली. दोन दिवसांत तीन सामने जिंकलो. गोमाने एका चढाईत तिघांना बाद करून मध्यरेषेवर हात टेकला तेव्हा झाडांवर चढलेली माणसं ओरडत होती. सेठ तर पहिल्याच दिवशी स्वतः मोटार घेऊन आला होता, पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना, साकोलीकडच्या टीमशी. आदल्या संध्याकाळी मायने लाखोळीची डाळ आणि भात रांधला, पण वजन पुन्हा झालं तर काय, म्हणून बाबांनी गोमाला पेजेवरच ठेवलं. सकाळी तर त्याने चूळ भरून पाणीसुद्धा थुंकून टाकलं. मी समोर होते. ओठ फाटले होते त्याचे. मी विचारलं, “थोडा भात घेतं का? कोणाले सांगत नाई.” तो म्हणाला, “आजचा दिवस जाऊ दे. उद्या तू वाढशीन तेवढा खातो.”

सामना सुरू व्हायच्या आत साकोलीच्या कप्तानाने हरकत घेतली. हा पोट्टा पंचावन्नचा नाही, म्हणाला, पुन्हा तोला, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर नाही. पंच म्हणून शाळेचे गुरुजी होते, शिस्तीचा माणूस. त्यांनी दोघांना पाठवून दवाखान्यातला, रोग्यांना तोलायचा काटा उचलून आणवला आणि मैदानाच्या कडेला मांडला. गोमा चढला. छप्पन्न. दशरथही चढला, तोही वर गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, काटा खराब आहे. गुरुजींनी वाद घातला नाही. रेशन दुकानातून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं मागवली, वीस, वीस आणि दहा, आणि एकेक करून काट्यावर ठेवली. बरोबर पन्नास. सूतभरही इकडेतिकडे नाही. “आता बोला, मापारी,” गुरुजी म्हणाले.

मला वाटलं, बाबा आता गप्प बसतील. बसले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या रांगेत सेठ होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, आकडा पुकारायच्या त्याच आवाजात म्हणाले, “आमच्या मिलवर काल-परवापर्यंत पंचावन्नच्या आतच होता. हे पोट्टंच खादाड आहे. रातच्याले आमच्या बाईनं चोरून खाऊ घातलं असन. बायकांले काय समजते?” लोक हसले. कोणीतरी ओरडलं, “भात पचला नाई रे!” गोमा काट्यावरून उतरला नव्हता. तो खाली बघत उभा राहिला. माझी माय शाळेच्या दारात भाताचा डाव हातात घेऊन उभी होती. महिनोन्‌महिने उचललेला उंडा परातीत परत ठेवणारी बाई. तिने पदर तोंडापाशी नेला.

मी बोलले. कशी पुढे गेले, कोणाला ढकललं, काही आठवत नाही. माझा आवाज मात्र आठवतो, चिरका, फाटलेला. “खोटं हाय! त्यानं कालपासून पेजेबिगर काई खाल्लं नाई! मायनं वाढलंच नाई त्याले! बाबा, आपलाच काटा कमी दाखवते. मी तुमाले स्टेशनवरचं तिकीट दाखवलं होतं, तुमी जाळून टाकलं!”

हसणं थांबलं. दोरीपाशी एक म्हातारा शेतकरी बसला होता, डोक्याला मळकं पागोटं, हातात काठी. दरवर्षी त्याची बंडी आमच्या मिलच्या दाराशी लागायची, मी त्याला ओळखत होते. बाबा त्याला ‘या पाटील’ म्हणून बिडी द्यायचे. तो उठला. बाबांकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्याजवळ आला आणि नातीला विचारावं तसं हळू विचारलं, “पोरी, थो काटा माणसाले कमी दाखवते, त मंग माया धानाले काय दाखवत असन?”

तोवर मला खरंच कळलं नव्हतं. शपथेवर सांगते. मला वाटत होतं काटा बिघडला आहे, आणि बिघडला आहे एवढंच सांगितलं की गोमावरचा ठपका जाईल, मायवरचा जाईल. म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा मी बाबांकडे पाहिलं, ते ‘चूक झाली’ असं काहीतरी म्हणतील म्हणून. त्यांचा चेहरा पाहिला आणि समजलं की त्यांना माहीत होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. शेतकऱ्याचं पोतं तोलताना त्यांना ते ठाऊक असायचं. मग त्याच काट्यावर पोरं उभी करताना कसं विसरले? मी पुष्कळ विचार केला यावर. मला वाटतं, रोज एक खोटा आकडा खणखणीत आवाजात पुकारायचा असेल तर माणसाला आधी तो खरा मानावा लागतो. बाबांनी तो इतका खरा मानला की स्वतःच्याच काट्याने स्वतःलाच फसवून घेतलं.

सामना झाला. गोमा आणि दशरथ बाहेर, उरलेले सात जण खेळले आणि वाईट हरले. त्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. लोक घोळक्याने उभे राहून बोटांवर पोती मोजत होते. सेठची मोटार केव्हा निघून गेली कळलं नाही. परतीच्या ट्रकमध्ये माय एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला. मध्ये रिकामी भांडी खडखडत होती.

त्याच आठवड्यात सेठने चार प्रतिष्ठित माणसं बोलावून सांगितलं की मापाऱ्याने काट्यात गडबड केली, मला काही माहीत नाही. मिस्त्री कोणी बोलावला होता, दांडीखालचा तुकडा कोणाच्या सांगण्यावरून घासला होता, हे बाबांनी कधी उघड केलं नाही. त्यांनी मान हलवली आणि किल्ल्या ठेवल्या. टीम त्याच दिवशी मोडली. काटा तिथेच राहिला. नवा मापारी आला, महिनाभर शेतकऱ्यांनी शिक्क्याची वजनं ठेवून पाहिली, मग धानाची आवक संपली, पाहणंही संपलं. आम्ही भंडाऱ्याला आलो. बाबांनी एका दुकानात पुड्या बांधायचं काम धरलं. माझ्यावर ते एकदाही चिडले नाहीत. मला वाटायचं एकदा चिडावं, दोन थोबाडीत माराव्यात, म्हणजे मलाही भांडता येईल. बाबा शांतच राहिले, आणि ती शांतता मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत सोसली. माय तेवढी एकदा म्हणाली, “माया मनातलं बोलली तू.” पण ते बाबा ऐकत नसताना म्हणाली.

गोमाचं सांगायचं राहिलं. टीम मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली वळकटी न्यायला पडवीत आला. मायने त्याला बसवलं, भात वाढला, डाळ वाढली, सुक्या झिंग्यांची चटणी वाढली. तो खाली मान घालून जेवला. एवढा जेवला की मायने दुसऱ्यांदा तांदूळ चढवले. मी वाढत होते आणि वाट बघत होते. खरं सांगते, मी वाट बघत होते की तो मला काहीतरी बरं बोलेल. सगळ्या गावासमोर, सख्ख्या बापासमोर मी त्याच्यासाठी उभी राहिले होते. ताटात पाणी ओतून त्याने हात धुतले, वळकटी काखेत घेतली आणि म्हणाला, “सेठनं मले करडीले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं. कप भेटो न भेटो, तुले ठेवतो. खेळ पाह्यला तुया.”

मी म्हटलं, “मंग?”

“मंग काय? मले खादाड म्हटलं असतं दोन दिवस, लोक विसरून गेले असते. आता तलावातला वाटाबी नाई अन् मिलबी नाई.”

माझा तोल गेला. “तुयासाठीच बोलली ना मी! तुयावर खोटा आळ घेत होते, मी ऐकून घ्याचं होतं का?”

तो पायरी उतरला होता. तिथूनच मागे वळला. रागावलेला नव्हता, हेच मला सहन झालं नाही.

“मायासाठी?” तो म्हणाला. “मंग मले एकदा इचारलं असतं.”

तो फाटकातून गेला. मिलचा भोंगा झाला, मी त्याचं ताट उचललं आणि घासायला घेतलं.